लक्ष्मण मिस्त्री आणि तीन नावांची ट्रॉली

लक्ष्मण मिस्त्री वेल्डिंग डोळ्यांनी तपासत नसे, कानांनी तपासत असे. जोड थंड झाला की वरचा पापुद्रा छोट्या हातोडीनं झाडून काढायचा, मग मान तिरकी करून जोडावर दोन टोले द्यायचा. पहिला हलका, दुसरा जरा जड. आवाज पसंत पडला तर काही न बोलता पुढच्या जोडाकडं सरकायचा. नाही पडला तर वेल्डरला म्हणायचा, "काढ." कुठं चुकलं, कामून चुकलं, हे तो सांगत नसे. कुणी विचारलंच तर हातोडी त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "तूच ऐक."

मी तिथं कारकून होतो. परभणीत गंगाखेड रोडला पत्र्याचं एक लांबलचक शेड होतं, त्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनत. मालक माणिकशेठ. मी पेडगावच्या शेतकऱ्याच्या घरातला, कॉलेज अर्ध्यावर सोडलेला, ऐंशी साली तिथं चिकटलो. हजेरी मांडायची, बिलं करायची आणि गॅरंटी कार्डं भरायची, एवढं काम.

गॅरंटी कार्डं तीन प्रकारची होती. एकावर 'शेतराज' छापलेलं, दुसऱ्यावर 'बळवंत', तिसऱ्यावर 'कृषीरत्न'. शेडच्या एका टोकाला लोखंड आत यायचं आणि दुसऱ्या टोकाला ट्रॉली बाहेर पडायची. मधला सगळा प्रवास एकच. तेच लोखंडी चॅनेल, तीच चाकं, तेच वेल्डर. शेवटी रंगाऱ्याकडं गेल्यावर ती लाल झाली तर शेतराज, निळी झाली तर बळवंत, हिरवी झाली तर कृषीरत्न. मग पितळी पाटी ठोकायची आणि मी त्या नावाचं कार्ड भरायचं. लाल ट्रॉली परभणीतल्या दुकानातून विकली जायची, निळी पालमच्या, हिरवी सेलूच्या. तिन्ही दुकानदार आपापली कंपनी कशी चांगली आणि बाकीच्या दोन कशा भंगार, हे गिऱ्हाइकाला पटवून सांगायचे.

पहिल्या महिन्यातच मी शेठला विचारलं होतं, एवढा खटाटोप कशासाठी? शेठ खुशीत होते. मला समोर बसवून त्यांनी समजावलं.

"दत्तराव, तुमी गावाकडचे. तुमाला मी काय सांगावं. एका गावात पाटलानं लाल घेतली की त्याच्या भावकीतला माणूस लाल घेत न्हाई. मेला तरी घेत न्हाई. मग तो दुसऱ्या कंपनीकडं जातो. तर ती दुसरी कंपनी बी आपलीच का असू नये? दुसरं असं, दुकानदाराला वाटतं हे नाव माझं एकट्याचं हाय. मग तो जीव तोडून विकतो. गिऱ्हाईक इकडचा भाव तिकडं सांगून घासाघीस करू शकत न्हाई, कारण माल येगळा, नाव येगळं. आन् तिसरं." इथं त्यांनी आवाज जरा खाली आणला. "उद्या एखादं नाव खराब झालं, तर दोन उभी राहतात."

बळवंतचं लायसन त्यांच्या मेव्हण्याच्या नावावर होतं. कृषीरत्नचं बायकोच्या. कागदावर तीन वेगळ्या कंपन्या. मला ते सगळं फार हुशारीचं वाटलं. खोटं कशाला बोलू, तिथं काम करतो याचा मला अभिमानच वाटला.

मिस्त्रीला मात्र या नावांशी काही देणंघेणं नव्हतं. एकदा पोखर्णीचा एक शेतकरी पोराला घेऊन थेट शेडमध्येच आला. दुकानात लाल आणि हिरवी दोन्ही बघून त्याच्या डोक्याचा भुगा झाला होता. त्यानं मिस्त्रीला गाठलं.

"मिस्त्री, तुमी कारागीर माणूस. खरं सांगा, कोणती दमदार हाय?"

"जो रंग आवडंल तो घ्या."

"रंगाचं न्हाई हो. ट्रॉलीचं इचारायलोय."

"मी बी ट्रॉलीचंच सांगायलोय."

शेतकरी पोराला बाजूला घेऊन म्हणाला, "ह्याला कंपनीनं बांधून ठेवलंय. काई बोलत न्हाई." आणि त्यानं लाल घेतली, कारण ती महाग होती. मिस्त्रीनं समोरच्या जोडावर दोन टोले दिले आणि पुढं गेला.

उंच, काटक माणूस. डाव्या भुवईवर ठिणगीचा डाग. खाकी शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून बंद, उन्हाळ्यातही. चहा प्यायला स्वतःचा स्टीलचा पेला होता, तो शेडच्या खांबाला खिळ्यावर अडकवलेला असे. चहावाला आला की स्वतःच पेला काढायचा, पुढं धरायचा, पिऊन झाल्यावर स्वतः विसळून परत लावायचा. आम्ही बाकीचे चहावाल्याच्या काचेच्या ग्लासात प्यायचो. त्याला वेगळा पेला ठेव असं त्या शेडमध्ये कुणी कधी म्हटलं नव्हतं. कुणी म्हणायच्या आधीच त्यानं तो आणला होता. आणि आणल्यावर, राहू दे की मिस्त्री, असंही आमच्यातलं कुणी म्हटलं नाही.

शेठ गिऱ्हाइकांना त्याची ओळख 'आमचे लक्ष्मण मिस्त्री' अशी करून देत. आडनाव कधीच सांगत नसत. ट्रॉली घरी गेली की पूजा असायची आणि खूश झालेला शेतकरी मिस्त्रीला जेवायला बोलवायचा. मिस्त्री हात जोडून म्हणायचा, "आज उपास हाय मालक." सोमवारी बोलावलं तर सोमवारचा, गुरुवारी बोलावलं तर गुरुवारचा. आठवड्याच्या सातही वारांना त्याचे उपास होते. एकदा मी हसून म्हणालो, "मिस्त्री, एवढे देव सांभाळता तरी कसे?"

तो म्हणाला, "देव एक बी सांभाळत न्हाई दत्तराव. ताटावरून उठवलेलं माणूस बघितलंय मी. त्याच्यापरीस उपास बरा."

त्याचं आडनाव साळवे. पूर्णेकडच्या एका खेड्यात बौद्धवाड्यात त्याचं घर होतं. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला तेव्हा ते जाळलं. ते तो एकदाच बोलला आणि तेही दुसऱ्याच गोष्टीवरून. शेडमध्ये कुणीतरी म्हणालं की मोठ्या आगीत लोखंड वितळतं. मिस्त्री म्हणाला, "घराच्या आगीत वितळत न्हाई. वाकतं. आमच्या दाराची कडी वाकली होती, मी सोबत आणलीय." घर जळाल्यावर बायको-पोरीला घेऊन तो परभणीत आला होता. चार ठिकाणी काम मागितलं, कुणी उभं केलं नाही. माणिकशेठनं त्याच्या हातात वेल्डिंगचा होल्डर दिला, एक जोड मारायला सांगितला आणि दुसऱ्या दिवसापासून ठेवून घेतलं. हे उपकार मिस्त्री मानत होता. शेठबद्दल त्याच्यासमोर कुणी वावगं बोललेलं त्याला खपत नसे. पुढं जे झालं ते समजून घ्यायचं तर हे ध्यानात ठेवावं लागेल.

पंच्याऐंशी साली मिस्त्रीची पोरगी नर्सिंगच्या शिक्षणाला औरंगाबादला लागली. तिला पोचवायला तो सहा दिवसांच्या रजेवर गेला. त्याची मी पाहिलेली तेवढीच एक लांब रजा. नेमकं त्याच आठवड्यात शेठनं कुठूनसा स्वस्त चॅनेल आणला. भंगार वितळवून लाटलेला माल होता, वर गंज, आत भुसभुशीत. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतो तो पुढचा दांडा या चॅनेलचा करायचा असं ठरलं. ट्रॉलीचा सगळा भार त्या दांड्यावर असतो. दोन नवे वेल्डर दिवसभर मारत राहिले. बावीस ट्रॉल्या झाल्या. काही लाल, काही निळ्या, काही हिरव्या.

मिस्त्री परत आला तेव्हा त्या रंगून, पाट्या ठोकून रवाना झाल्या होत्या. कोपऱ्यात उरलेल्या चॅनेलवर त्यानं हातोडी मारली. दुसरा टोला मारायची गरज पडली नाही. तो सरळ शेठच्या खोलीत आला. मी तिथंच बिलं करीत होतो.

"शेठ, ह्याचे दांडे केले?"

"केले."

"परत बोलवा."

"आरं, काय होत न्हाई. गावातल्या गावात चालणारं वाहन ते."

"शेठ, लोक बसतात त्याच्यात."

"लोक बसवू नका असं कार्डावर छापलंय आपण. काय दत्तराव, छापलंय का न्हाई?"

मी म्हणालो, "छापलंय."

मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं नाही. शेठकडंच पाहत उभा राहिला. मग गेला. पुढचे तीन महिने तो रोज सकाळी एकदा शेठच्या दारात यायचा आणि म्हणायचा, "त्या दांड्यांचं काय केलं?" शेठ म्हणायचे, "बघू." तो जायचा.

वेचणीच्या दिवसांत पालमच्या अलीकडं उतारावर एका निळ्या ट्रॉलीचा दांडा तुटला. दिवस मावळायच्या आधी बाया कापसाच्या बोचक्यांवर बसून गावाकडं चालल्या होत्या. ट्रॅक्टर पुढं गेला, ट्रॉली मागं येऊन पालथी झाली. दोन बाया जागच्या जागी गेल्या. एकीचा पाय गेला.

तिसऱ्या दिवशी शेठनं बळवंत बंद केलं. पालमच्या दुकानदाराला निरोप गेला की कंपनी बुडाली. निळ्या रंगाचे डबे गोदामात गेले, पितळी पाट्या भंगारात, कोरी कार्डं चुलीत. लाल आणि हिरव्या ट्रॉल्या होत्या तशा चालू राहिल्या. मी शेठचे शब्द आठवले. एक नाव खराब झालं होतं, दोन उभी होती.

मिस्त्री माझ्या टेबलाशी आला. "त्या बावीस कुठं कुठं गेल्या? गावं सांगा."

"कशाला?"

"जाऊन सांगतो. दांड्याला दोन्ही बाजूंनी पट्ट्या मारल्या तर टिकंल. मी स्वतः मारून देतो."

"मिस्त्री, शेठला कळलं तर माझी नोकरी जाईल."

"तुमी लिहून देऊ नका. बोला, मी लिहितो."

मी रजिस्टर उघडलं आणि हळू आवाजात गावं सांगत गेलो. त्यानं सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला ती लिहून घेतली. वीस गावं सांगितली. पालमजवळचं त्याला माहीत होतं. एक मी गाळलं. ते पेडगाव होतं. माझ्या चुलत्यानं, तात्यानं, माझ्याच ओळखीनं लाल ट्रॉली घेतली होती. मिस्त्री तिथं गेला असता तर गावांची नावं कुणी फोडली हे उघड झालं असतं. तात्याला मी स्वतः सांगेन, असं मनाशी ठरवलं. सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करीत राहिलो.

तो दर रविवारी एसटीनं निघायचा. पिशवीत लोखंडी पट्ट्या, हातोडी आणि भाकरी. सोमवारी कामावर आल्यावर कुठं काय झालं हे सांगत नसे, पण मला कानावर यायचं. बहुतेक ठिकाणी एकच घडायचं. तो म्हणायचा, तुमच्या ट्रॉलीचा दांडा कच्चा आहे, पालमला तुटला तसा तुटेल. लोक म्हणायचे, ती बळवंत होती, आमची शेतराज आहे. तो म्हणायचा, दोन्ही मीच बनवतो. लोकांना ते आवडायचं नाही. जास्त पैसे देऊन चांगल्या नावाची ट्रॉली घेतली होती त्यांनी, ती पालमच्या ट्रॉलीची बहीण आहे हे कोण ऐकून घेणार? मग कुणीतरी विचारायचं, "नाव काय म्हणले तुमचं?" तो लक्ष्मण म्हणून थांबला असता तर कदाचित चाललं असतं. पण तो पूर्ण नाव सांगायचा. आता इथं मी खोटं सांगून खरं कसं पटवू, असं त्याचं म्हणणं. साळवे म्हटलं की पुढचा प्रश्न गावाचा, आणि गाव कळलं की पुढं काहीच विचारायची गरज उरत नसे. एका गावात त्याला सांगितलं, नामांतराचा राग आमच्या गाड्यांवर काढू नको. दुसरीकडं पाणीही न विचारता फाट्यापर्यंत पोचवलं.

वीस गावांपैकी पाच गावांनी पट्ट्या मारून घेतल्या. त्यातलं एक घर मेंढरंवाल्यांचं होतं. तिथली म्हातारी म्हणाली म्हणे, "तू कुणाचा का असना, माझी नातवंडं बसत्यात त्याच्यात. मार तुझी पट्टी." हे मात्र त्यानं स्वतःहून मला सांगितलं, दोनदा.

रजेवर जायच्या आधी तात्या ट्रॉली सांगायला शेडवर आला होता, तेव्हा मिस्त्री तिथंच होता. मी गाळलेलं गाव त्याला माझ्याशिवाय आठवलं. एका रविवारी तात्या रागानं माझ्या खोलीवर आला.

"दत्ता, तुमचा तो मिस्त्री गावात येऊन काईबाई बडबडायलाय. म्हणतो आपल्या ट्रॉलीचा दांडा खोटा हाय. खरं हाय का?"

मला वाटलं, आता बोलावं. मग वाटलं, तात्या उद्या शेठच्या दारात जाऊन उभा राहील आणि माझं नाव सांगेल. मी म्हणालो, "मी हापिसात बसतो तात्या. वेल्डिंगमधलं मला काय कळतं?"

"म्हणजे खोटंच की," तात्या म्हणाला, आणि समाधानानं पाणी प्यायला. पुढं कित्येक वर्षं ती ट्रॉली त्याच्याकडं चालली, सुदैवानं रिकामीच जास्त. दर सुगीला मी मनातल्या मनात तिच्याकडं बघत राहायचो.

गावांतून शेठकडं तक्रारी आल्या. शेठनं मिस्त्रीला बोलावलं. ओरडले नाहीत.

"लक्ष्मण, अठ्ठ्याहत्तरला तुला कुणी उभं केलं?"

"तुमी केलं शेठ."

"आन् तू मला उघडा पाडायलास."

"मी दांडे पक्के करायलोय शेठ. तुमचं नाव मी कुठंच घेतलं न्हाई. माझंच सांगतो, मी बनवलेत म्हणून."

शेठनं त्याला कामावर जायला सांगितलं. त्यांना त्या वाक्यात वाट दिसली असावी, असं मला आज वाटतं. कारण आठवड्याभरात पालमच्या अपघाताची चौकशी करायला फौजदार आले तेव्हा शेठनं तेच सांगितलं. दांडा मिस्त्रीनं बनवला, गावोगाव तो स्वतःच तसं कबूल करत फिरतोय, हवे तेवढे साक्षीदार मिळतील. बळवंत ही मेव्हण्याची कंपनी, मेव्हणा गाव सोडून गेलेला, आपण फक्त जागा भाड्यानं दिली होती.

अडचण एकच होती. ते दांडे झाले तेव्हा मिस्त्री रजेवर होता. हजेरीच्या रजिस्टरात सहा दिवस माझ्याच अक्षरात 'रजा' लिहिलेलं होतं.

शेठनं दुपारी मला आत बोलावलं. समोर नवं कोरं रजिस्टर ठेवलं. "जुनं पावसानं भिजलंय," म्हणाले. "त्या महिन्याचं पान नीट उतरून काढा." जुनं रजिस्टर टेबलावरच होतं, कोरडं. मी त्याच्याकडं पाहिलं, शेठनंही पाहिलं. मग मी बसलो आणि उतरवून काढलं. बाकी सगळ्यांचं जसंच्या तसं. लक्ष्मण साळवे यांच्या नावापुढं सहा चौकोनांत मी सहा वेळा 'हजर' लिहिलं. खाली सही केली. शेठनं मला धमकी दिली नव्हती. लालूचही दाखवली नव्हती. मी केलं.

मिस्त्रीला त्याच संध्याकाळी शेडमधून नेलं. त्याला वाटलं चौकशीला नेतायत, म्हणून जाताना वेल्डरला म्हणाला, "कोपऱ्यातले जोड मी आल्याशिवाय रंगाला देऊ नका." सोळा दिवसांनी जामीन झाला. कामावर घ्यायचा प्रश्नच नव्हता. तो पेला घ्यायला आला तेव्हा मी टपाल टाकण्याच्या निमित्तानं मागच्या दारानं निघून गेलो.

पुढच्या वर्षी मला हिंगोलीला सरकारी कचेरीत नोकरी लागली. खटला सुरू झाल्यावर कोर्टाचं समन्स आलं, रजिस्टरवरची सही माझीच असल्याचं सांगायला या म्हणून. मी डॉक्टरचा दाखला पाठवला. पुन्हा आलं, पुन्हा दाखला पाठवला. तिसऱ्यांदा आलंच नाही. पुढं काय झालं हे मी कुणाला विचारलं नाही. शेठचा कारखाना वाढला, एवढं कळत होतं. रस्त्यात शेठची नव्या नावाची पिवळी ट्रॉली दिसली की मी पुढच्या दांड्याकडं बघायचो आणि मान फिरवायचो.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न एकदाचा मिटला. त्या आठवड्यात कामासाठी परभणीला आलो होतो. दुपारी बसस्टँडवर लोक पेढे वाटत होते, कुणी निळी टोपी घातलेला, कुणी गुलाल लावलेला. बाकावर मिस्त्री बसलेला दिसला. केस पांढरे झालेले. अंगावर नवा शर्ट, बाह्या तशाच मनगटापर्यंत बंद. शेजारी बायको, आणि पायाशी दोरीनं बांधलेली पितळी भांड्यांची पेटी. मला टाळता आलं असतं. पण त्यानं आधी पाहिलं.

"दत्तराव. या, बसा."

मी बसलो नाही. उभ्या उभ्याच म्हणालो, "मिस्त्री, त्या केसचं..."

"सुटली की. दोन वर्षं झाली. रजिस्टरवरची सही कुणाची हे सांगायला कुणी आलंच न्हाई, म्हणून ते पान धरलं न्हाई कोर्टानं."

मला एकदम हलकं वाटलं. तोंडातून निघून गेलं, "म्हणजे मी आलो न्हाई ते बरंच झालं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी निभावून नेलं असतं.

"तुमी आले असते आन् रजा होती असं बोलले असते, तरी मी सुटलोच असतो," तो म्हणाला. "पर मग दांडे कुणी करवले हे इचारावं लागलं असतं. आता कसं, मी सुटलो, शेठ सुटले, तुमी बी सुटले."

बायकोनं पिशवीतून पुडी काढली, त्यातला एक पेढा त्यानं माझ्या हातावर ठेवला. तेवढ्यात बस लागली. त्यानं पेटी खांद्यावर घेतली.

"कुठं निघालात?" मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"पालमला. ट्रॉलीखाली गेलेल्या त्या दोघींतल्या एकीच्या पोरीचं लगीन हाय. दहा वर्षांची होती तवा. आता मामा म्हणते मला."

तो गर्दीतून वाट काढत बसमध्ये चढला, पेटी आधी आत सरकवली, मग बायकोला हात दिला. खिडकीशी त्याला जागा मिळाली. बस वळून बाहेर पडेपर्यंत तो समोर बघत होता. माझ्या हातावरचा पेढा तसाच होता.